रबरावर उडणारं हेलिकॉप्टर : ५२ सेकंदांच्या पुढे जायचं कसं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. माझ्या वर्गातल्या तीन मुली शालेय स्पर्धेसाठी रबरावर चालणारं हेलिकॉप्टर बनवताहेत. मी त्यांची विज्ञानाची शिक्षिका. हा विषय मलाही नवा आहे, त्यामुळे चौघी मिळून शिकतोय.

नियम थोडक्यात सांगते. बंद सभागृहात उडवायचं, हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ मोजतात. पंख्याचा व्यास ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. रबर जास्तीत जास्त २ ग्रॅम. रबर सोडून मॉडेलचं वजन किमान ३ ग्रॅम.

आमचं मॉडेल असं आहे: बाल्साची (अगदी हलक्या लाकडाची) उभी दांडी, वरच्या टोकाला तारेवर फिरणारा दोन पात्यांचा पंखा, खालच्या टोकाला दांडीलाच चिकटवलेला तसाच दुसरा पंखा, आणि दोघांच्या मधे रबराचं वेटोळं. पाती १८ सेंमी लांब, साडेचार सेंमी रुंद, १ मिलिमीटर जाडीच्या बाल्सा शीटची, सपाट, ३० अंशांत चिकटवलेली. वजन ४.६ ग्रॅम. वेटोळं टोकापासून टोकापर्यंत २५ सेंटिमीटर, त्याला ४५० फेरे देतो.

सोडलं की ते बाणासारखं वर जातं, आठ-दहा सेकंदांत छताला धडकतं, तिथे थोडं घुटमळतं आणि मग खाली येऊ लागतं. सर्वात चांगली वेळ ५२ सेकंद. मुलींचं म्हणणं, रबर कमजोर आहे, जाड घेऊ या. मला खात्री वाटत नाही. कुठून सुरुवात करावी?

वाऱ्यावर

आधी एक सांगा. मॉडेल जमिनीवर टेकतं तेव्हा रबरात किती फेरे शिल्लक असतात?

खडूफळा

ते कधी मोजलंच नव्हतं. आज तीनदा उडवून मोजलं. पंखा हाताने धरून ठेवला आणि उरलेला पीळ एकेक फेरा करून सोडला. १८८, १९५ आणि १९०.

वाऱ्यावर

मग तुमचं निम्मं उत्तर हातात आलं. ४५० फेऱ्यांतले १९० तुम्ही उड्डाणासाठी वापरलेच नाहीत.

पिळलेलं रबर एकसारखी ताकद देत नाही. सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यांत टॉर्क, म्हणजे पंखा फिरवणारा जोर, फार जास्त असतो, तो झपाट्याने उतरतो. मग मधे लांबलचक जवळजवळ सपाट पट्टा येतो, आणि शेवटी तो पुन्हा ढासळतो. खरी वेळ मधल्या पट्ट्यात मिळते. तुमच्या मॉडेलला हवेत नुसतं टिकून राहायलाही त्या पट्ट्यातला टॉर्क पुरत नाही. सुरुवातीचा जोर त्याला छतापर्यंत नेतो आणि जोर ओसरला की अर्धा पीळ पोटात ठेवूनच ते खाली येतं.

मुलींनी सुचवलेलं जाड रबर हा एक मार्ग आहे. पण २ ग्रॅमच्या मर्यादेत जाड म्हणजे आखूड, आणि आखूड म्हणजे कमी फेरे. उरलेले फेरे कमी होतील, पण एकूण फेरेही कमी होतील. त्याआधी वजनाकडे बघा. ४.६ फार झालं.

ही सवय मुलींना आत्ताच लावा: प्रत्येक उड्डाणानंतर वहीत पाच आकडे. दिलेले फेरे, उरलेले फेरे, वेळ, किती उंची गाठली, त्या दिवशीचं वजन. वेळ एकटी लिहून काही कळत नाही. उरलेले फेरे सांगतात की चूक कुठल्या बाजूला आहे. खूप उरले तर रबर त्या वजनाला कमजोर. एकही उरला नाही आणि शेवटी दगडासारखं पडलं तर रबर गरजेपेक्षा जाड.

बाल्सावेडा

वजनाबद्दल मी लिहितो, तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

तुमच्या वजनातला मोठा भाग पात्यांत गेलाय. १८ सेंमी लांब, साडेचार सेंमी रुंद, १ मिमी जाड म्हणजे एका पात्याला सुमारे ८ घन सेंटिमीटर लाकूड. मध्यम बाल्सा असेल तर ०.८ ग्रॅम, चार पात्यांचे ३.२. बाकी सगळ्या मॉडेलला मग उरलं काय?

पातं शीटचं करू नका, चौकटीचं करा. पुढची आणि मागची कड दीड मिलिमीटरच्या बाल्सा काड्यांची, मधे चार-पाच बाकदार फासळ्या, आणि वरून पातळ प्लास्टिकची फिल्म. २ मायक्रॉनची मायलार फिल्म मिळाली तर एका पात्यावर तिचं वजन ०.०२ ग्रॅमच्या आसपास येतं. चौकट धरून एक पातं पाव ग्रॅमच्या आत बसतं. तशी फिल्म नसेल तर अगदी पातळ, कुरकुरीत आवाज करणारी पिशवीची फिल्म घ्या. थोडी जड होईल, पण शीटपेक्षा कितीतरी हलकी. फिल्म ताणून चढवू नका, चौकट पिळवटते. सैलसर ठेवा, हलकी सुरकुती चालते.

लाकूड निवडताना काट्यावर तोला, नुसतं हातात धरून अंदाज करू नका. एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीटमध्ये दुपटीचा फरक असतो. बाल्साची घनता घनमीटरला साधारण ६५ किलोपासून १९० किलोपर्यंत कुठेही असू शकते. हलकी शीट पात्यांना, ताठ शीट दांडीला. दांडीत मात्र कंजुषी नको. पिळलेलं रबर दोन्ही टोकं एकमेकांकडे खेचतं. दांडी धनुष्यासारखी वाकली की वरच्या पंख्याचा आस कलतो आणि मॉडेल डुलत डुलत भरकटतं. ३ मिमी रुंद, ६ मिमी खोल, खोल बाजू रबराच्या दिशेने. ३० सेंमीची अशी दांडी अर्ध्या ग्रॅमच्या आत बसते.

आणि गोंद! नवशिक्या मॉडेलमध्ये निम्मा ग्रॅम नुसता गोंद असतो. सुपरग्लू टाचणीच्या टोकाने लावायचा, बाटलीतून थेंब पाडायचा नाही.

अणुरेणू

बाल्सावेडा यांच्या म्हणण्याला थोडं गणित जोडतो. मुलींना दाखवा, त्यांना ते पेलेल.

हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवायला पंख्याने सतत हवा खाली ढकलावी लागते. त्याला लागणारी किमान शक्ती वजनाच्या दीड घाताच्या (आकडा गुणिले त्याचं वर्गमूळ) प्रमाणात वाढते, आणि पंख्यांनी व्यापलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. याचे दोन अर्थ. व्यास नियमात बसेल तेवढा पूर्ण घ्या, ३८ वर थांबू नका. दुसरं, रबर ठरलेलं असेल तर मॉडेल थोडं जरी हलकं झालं तरी त्याचा लाभ दीडपटीने जाणवतो.

तुमचे आकडे: आत्ता एकूण वजन ४.६ + २ = ६.६ ग्रॅम. मॉडेल ३.१ वर आणलंत तर एकूण ५.१. ६.६ भागिले ५.१ म्हणजे १.२९. त्याचा दीड घात १.४७. दुसरं काहीही न बदलता वेळ जवळपास दीडपट व्हायला हवी, ५२ चे ७६.

आता आदर्श आकडा बघा. चांगलं रबर भरपूर पिळलं तर ग्रॅममागे १० ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठवतं, म्हणजे २ ग्रॅममध्ये २० ज्यूल. ५.१ ग्रॅमचं मॉडेल ४० सेंमीच्या पंख्यावर तरंगत ठेवायला सिद्धान्ताप्रमाणे फक्त ०.०२ वॅट लागतात. म्हणजे १००० सेकंद! तेवढा वेळ कुणालाच मिळत नाही, कारण पात्याचं घर्षण, रबराच्या आतलं घर्षण, बेअरिंग, सुरुवातीचा वाया गेलेला जोर. पण तुम्ही आत्ता त्या आदर्शाच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली आहात. दोन मिनिटं म्हणजे सुमारे १२ टक्के. गाठण्यासारखं आहे.

उंची गाठण्यात ऊर्जा संपते असं बऱ्याच जणांना वाटतं. ५ ग्रॅमचं मॉडेल १० मीटर वर न्यायला अर्धा ज्यूल लागतो, २० पैकी. उंची महाग नाही. घाईघाईने उंची गाठणं महाग आहे.

खडूफळा

हे वाचून मुलींनी आज संध्याकाळी स्वतःच फळ्यावर १.२९ चा दीड घात काढला. एकीने विचारलं, मग मर्यादा नसती तर कितीही रबर घ्यायचं का?

अणुरेणू

सुरेख प्रश्न! नाही. रबराचंही वजन उचलावं लागतं. वेळ ही रबराच्या वजनाच्या प्रमाणात वाढते आणि एकूण वजनाच्या दीड घाताने घटते. दोन्हींचा मेळ घातला तर रबर मॉडेलच्या दुप्पट असताना वेळ सर्वाधिक येते. त्यापुढे रबर वाढवलं तर वेळ उलट कमी होते. तुमच्याकडे रबर मॉडेलपेक्षा कमीच आहे, म्हणून २ ग्रॅमची मर्यादा अगदी १.९९ पर्यंत वापरा. लक्षात घ्या, तेल लावल्यावर रबराचं वजन वाढतं. तपासणी तेलासकट आहे का ते नियमात बघून घ्या.

जुनीपानं

या खेळण्याला इतिहास आहे, तो मुलींना जरूर सांगा. पिळलेल्या रबरावर उडणारं हेलिकॉप्टर आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने १८७० मध्ये केलं. त्याआधी १७८४ मध्ये लॉन्वा आणि ब्यांव्हन्यू यांनी आणि १७९६ मध्ये जॉर्ज केली यांनी पिसांचे पंखे लावून अशीच मॉडेलं उडवली होती, पण त्यांत ताकद धनुष्याच्या ताणाची होती. रबराने पीळ साठवायचा हा पेनोचा विचार. रचना तुमच्यासारखीच, दोन पंखे उलट दिशांना.

१८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांसाठी तसलं एक खेळणं घरी आणलं. बूच, बांबू, कागद आणि रबर. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा, ऑरव्हिल ७ वर्षांचा. ते खेळणं मोडल्यावर दोघांनी स्वतः तशीच बनवली, आणि मग मोठी बनवायला गेले. जितकं मोठं तितकं वाईट उडालं. मापं दुप्पट केली तर ताकद आठपट लागते हे तेव्हा ठाऊक नव्हतं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. तुमच्या मुलींनी आज फळ्यावर जे केलं ते याच वाटेवरचं आहे.

भिंगरी

एक सल्ला: दोन पात्यांऐवजी चार पात्यांचे पंखे करा. डुलणं थांबतं, मॉडेल स्थिर राहतं.

बाल्सावेडा

भिंगरी, असहमत. चार पाती म्हणजे दुप्पट कडा, दुप्पट सांधे, दुप्पट गोंद. वजन कुठून आणायचं? तेवढंच क्षेत्रफळ दोन रुंद पात्यांत बसवा.

भिंगरी

पण दोन पात्यांच्या पंख्याला थरथर असते. माझ्या मॉडेलला चार केल्यावर ती गेली, हे मी स्वतः पाहिलंय.

अणुरेणू

दोघांचाही अनुभव खरा असेल, पण माझं मत बाल्सावेडांच्या बाजूने. या मॉडेलचं पातं टोकाशी सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगाने जातं. पात्याची रुंदी ५ सेंमी धरली तर रेनॉल्ड्स अंक (हवेच्या जोराच्या तुलनेत तिचा चिकटपणा किती जाणवतो ते सांगणारा आकडा) आठ ते दहा हजारांत येतो. एवढ्या कमी अंकाला हवा चिकट वागते, आणि अरुंद पात्याला त्याचा त्रास जास्त. रुंद, पातळ, बाकदार पातं इथे उत्तम. विमानाच्या पंखासारखा जाड आकार इथे मुळीच चालत नाही. थरथर बहुतेक वेळा दोन पात्यांचे कोन वेगळे असल्यामुळे होते. चार पाती केल्यावर ती चूक वाटली जाते, नाहीशी होत नाही.

भिंगरी

हे पटलं. कोन मी डोळ्यांनीच बघून लावले होते. मोजून बघतो.

वाऱ्यावर

कोनांवर आलोच आहोत तर सविस्तर.

सपाट पातं एकाच कोनात लावलं की ते फक्त एका ठिकाणी बरोबर असतं. टोक वेगाने फिरतं, मधला भाग हळू. दोघांनीही एका फेऱ्यात हवेतून सारखंच पुढे सरकायचं असेल, स्क्रूच्या आट्यासारखं, तर मधे कोन मोठा आणि टोकाकडे लहान हवा. एका फेऱ्यात ४० सेंमी सरकणारा पंखा धरला, म्हणजे पिच व्यासाइतकाच, तर मध्यापासून ५ सेंमीवर ५२ अंश, १० सेंमीवर साडेबत्तीस, आणि २० सेंमीवरच्या टोकाला पावणेअठरा. सुरुवातीला हे चांगलं आहे. पुढे दोन अंश इकडे-तिकडे करून बघता येईल.

हे कोन हातात धरून येणार नाहीत. लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा साचा करा: एक पट्टी, तिच्यावर ५, १०, १५, २० सेंमीवर योग्य कोनात कापलेले तुकडे उभे. फासळ्या त्या तुकड्यांवर टेकवून चौकट चिकटवायची. एकाच साच्यावर दोन पाती झाली की ती जुळी निघतात.

आता सर्वात महत्त्वाचं: खालच्या पंख्यासाठी उलट्या हाताचा दुसरा साचा लागतो. दोन्ही पंखे विरुद्ध दिशांना फिरतात. एकाच साच्यावरची पाती दोन्हीकडे लावली तर एक पंखा वर ढकलेल आणि दुसरा खाली. पहिल्या वर्षी हाच घोळ आमच्या गटाने केला होता. मॉडेल हातात नुसतं गरगर फिरलं, उचललं गेलंच नाही, आणि कारण सापडायला एक आख्खी दुपार गेली.

दोन पंख्यांचा टॉर्क जुळवायची मात्र काळजी नको. एकाच रबराची दोन टोकं असल्यामुळे दोघांना टॉर्क सारखाच मिळतो. ज्याचा विरोध जास्त तो आपोआप हळू फिरतो. म्हणूनच याला शेपटीचा पंखा लागत नाही. रबराचे फेरे उलगडतात ते दोन्ही पंख्यांच्या फेऱ्यांच्या बेरजेने, हे हिशेबात धरा.

पीळदार

रबर पिळण्यावर अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अर्धी स्पर्धा तिथे जिंकतात.

नवं रबर आधी धुऊन घ्या, त्यावरची पांढरी पावडर पूर्ण काढा, वाळवा. गाठ मारताना ओली करून हळूहळू आवळा, कोरडी गाठ स्वतःलाच कापते. मग थेंबभर सिलिकॉन तेल चोळा. ते नसेल तर एरंडेलही चालतं. धागे एकमेकांवर घसरले नाहीत तर लवकर तुटतात आणि फेरेही कमी बसतात. पिळण्याआधी वेटोळं काही वेळ तीन-चार पट ताणून धरा, सावकाश सोडा.

पिळताना ते मॉडेलवर ठेवूनच पिळत असाल तर थांबा. एक टोक भक्कम हूकला, दुसरं वाइंडरला (फेरे देणाऱ्या हातयंत्राला). रबर मूळ लांबीच्या पाचपट ताणा, ताणलेल्या स्थितीतच निम्मे फेरे द्या, मग बाकीचे देता देता हळूहळू जवळ या. न ताणता पिळलेल्या रबरात याच्या जवळपासही फेरे बसत नाहीत. दोन्ही टोकांना बारीक ओ-रिंग (गोल कडी) लावली की पिळलेलं रबर मॉडेलवर चढवणं सोपं जातं. डोळ्यांवर गॉगल हवाच, तुटलेलं रबर चेहऱ्यावर येतं. माझ्या समोर एका मुलाच्या भुवईवर बसलंय. मुलींना गॉगलशिवाय वाइंडर हातात देऊ नका.

आणि पूर्ण पिळून झाल्यावर २५-३० फेरे परत सोडा. ऐकायला उलटं वाटतं. पण शेवटच्या त्या थोड्या फेऱ्यांतच तो भडक टॉर्क असतो, जो तुमचं मॉडेल छतावर आदळतो. ते सोडल्याने वेळ फारशी जात नाही, धडक मात्र टळते.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय, वही घेऊन.

पाती चौकटीची केली. पहिला संच साच्यावरून काढताना मोडला, दुसरा जमला. मॉडेल आता ३.२ ग्रॅम. तेच २५ सेंमीचं रबर, तेच ४५० फेरे: १ मिनिट २४ सेकंद, उरलेले फेरे ६०. अणुरेणूंच्या हिशेबापेक्षाही जास्त, कदाचित कोन बदलल्यामुळे. त्या संध्याकाळी मुली घरी जायलाच तयार नव्हत्या.

पण मॉडेल अजूनही छताला धडकतं. आता काय बदलायचं?

वाऱ्यावर

वा! आता रबर लांब आणि बारीक करा, वजन तेच २ ग्रॅम. वजन ठरलेलं असताना वेटोळ्याची लांबी वाढवली की फेरे लांबीच्या दीड घाताने वाढतात आणि टॉर्क त्याच प्रमाणात कमी होतो. २५ चे ३० केले तर फेरे ४५० चे ५९० पर्यंत जातील, टॉर्क पाऊणपट होईल. मॉडेल हलकं झाल्यामुळे तेवढा टॉर्क त्याला पुरेल. दांडीच्या हुकांमधलं अंतर वाढवायची गरज नाही, पिळलेलं रबर आखडून बसतं. सैल असताना थोडं लोंबलं तर चालेल.

बाल्सावेडा

आणि वरच्या पंख्याच्या तारेखाली दोन टेफ्लॉनच्या चकत्या घाला. रबराचा सगळा ओढा तिथे येतो. एक चकती आणि कोरडी तार असेल तर टॉर्क तिथेच मुरतो. तार वाकडी नाही ना ते बोटात फिरवून बघा.

खडूफळा

३० सेंमी, ५७० फेरे, त्यातले ३० परत सोडले. छताच्या साधारण मीटरभर खाली जाऊन तिथेच रेंगाळलं, मग इतकं सावकाश उतरलं की शेवटच्या मीटरला आम्ही श्वास रोखून उभ्या होतो. १ मिनिट ५६. उरलेले फेरे ४२.

चकत्या घातल्यावर तारेजवळची किरकिर गेली. ३३ सेंमीचंही करून बघितलं. तेव्हा ते निम्म्या उंचीवरूनच परतलं आणि १३० फेरे उरले. म्हणजे ३० च्या आसपासच आमची जागा आहे, हे मुलींनीच वहीतून ओळखलं.

एक शंका राहिली. स्पर्धेला दोन उड्डाणं मिळतात. सरावाचं हेच रबर वापरायचं का? दहा वेळा पूर्ण पिळून झालंय.

पीळदार

नको. पूर्ण पिळलेलं रबर दर वेळी थोडं थकतं. त्याच गुंडाळीतून आजच चार नवी वेटोळी करा, प्रत्येक १.९ ते २ ग्रॅमच्या मधे तोलून. दोन स्पर्धेला, दोन राखीव. एकदा हलकं ताणून, तेल लावून, प्रत्येक वेगळ्या डबीत, अंधारात. ऊन आणि उष्णता रबराला खातात. डबीवर वजन आणि लांबी लिहा.

खडूफळा

आत्ताच बसलोय. पहिलं १.९७ ग्रॅम, लांबी ३०.२.

वाऱ्यावर

उत्तम. स्पर्धेतल्या दोन्ही उड्डाणांचे उरलेले फेरे इथे लिहायला विसरू नका.